केबल टायला ताप पण कळला पाहिजे आणि ताण पण, एकाच प्लास्टिकच्या दाण्यात जमतं का?

दाणेवाला (वडोदरा, मकरपुरा)

नमस्कार मंडळी, मकरपुरा जीआयडीसीत आपलं छोटं इंजेक्शन मोल्डिंगचं काम आहे, दोन मशिनी, केबल टाय आणि क्लिपा वगैरे. वडोदऱ्यात ट्रान्सफॉर्मर न् पॅनलवाले भरपूर, त्यातली एक पार्टी मागे लागली आहे की असा टाय बनवून द्या जो केबलचा जॉइंट सत्तरच्या वर तापला की रंग बदलेल, आणि पोरांनी टाय गरजेपेक्षा जास्त आवळला तर तेही रंगावरून कळेल. मी म्हटलं हां बघतो, आणि तिथेच फसलो.

डीलरकडून रंग बदलणारी निळी पावडर आणली, ३१ डिग्रीवाली, म्हणे तीच सगळ्यात जास्त खपते. आधी नायलॉन ६६ मध्ये टाकली, बॅरल २७५ ला, माल बाहेर आला तो दुधासारखा पांढरा, निळ्याचं नाव नाही. डीलरला फोन केला तर तो म्हणतो तुमचं मशीन खराब. मग पीपीत (पॉलिप्रोपिलीन) २०० ला चालवली, मस्त निळा आला, मी खुश. पण मे महिना, गोडाऊनवर पत्रा, सकाळी अकरालाच सगळा माल पांढरा आणि रात्री परत निळा! पार्टी दुपारी बघायला आली आणि म्हणते भाई रंग कुठाय. वर आणखी एक, पीपीचा टाय जोरात ओढला की डोक्याजवळ पांढरा पडतो, तर पार्टी विचारते हेच का ते ताणवालं फीचर? मी हो म्हणता म्हणता थांबलो.

तर प्रश्न असा की हे तापमान आपल्याला हवं तिथे सेट कसं करतात, नायलॉनमध्ये रंग का मेला, आणि ताप न् ताण दोन्ही एकाच मटेरियलमध्ये येतं का. गूगल केलं तर सगळे पेपर, त्यातलं मला दर दुसऱ्या ओळीला झोप येते.

रंगारी काका (वडोदरा, दांडियाबाजार)

डीलरची चूक नाही आणि तुझ्या मशीनचीही नाही, चूक तापमानाची. त्या पावडरीचा प्रत्येक कण म्हणजे एक छोटी कुपी आहे, चार-पाच मायक्रॉनची, बाहेरून मेलामाइनचं कवच आणि आत तीन जण: एक ल्युको डाय (निळ्यासाठी बहुतेक क्रिस्टल व्हायलेट लॅक्टोन), एक सौम्य आम्ल ज्याला डेव्हलपर म्हणतात, आणि एक मेणासारखं अल्कोहोल. थंडीत ते मेण घट्ट असतं तेव्हा डाय आणि आम्ल एकमेकांना धरून बसतात, डायची कडी उघडते आणि निळा दिसतो. मेण वितळलं की आम्ल त्यात विरघळून जातं, डायची कडी परत बंद, रंग गायब. म्हणजे रंग कधी जाणार हे डाय ठरवतच नाही, मेण ठरवतं!

आणि हे ट्यूनिंग अगदी स्वयंपाकघरातलं आहे. बारा कार्बनचं अल्कोहोल २४ डिग्रीच्या आसपास वितळतं, चौदाचं ३८, सोळाचं (क्रीममध्ये घालतात ते सिटाइल) ४९, अठराचं ५८-५९, बावीसचं साधारण ७०. मधलं तापमान पाहिजे तर दोन मिसळायची, पण मिश्रण केलं की रंग एका ठिकाणी टपकन जात नाही, हळूहळू फिका होत जातो, हे लक्षात ठेव. तू घरी कुप्या बनवणार नाहीस, कवच चढवणं वेगळी कला आहे, पण डीलरला ३१ ऐवजी ६५-७० वाली माग, मिळते. गोडाऊनचा प्रश्न तिथेच संपला.

नायलॉन ६६ वितळतं २६० ला. या कुप्या २०० पर्यंत सुखात, २२०-२३० ला रडायला लागतात, २७५ ला तर कवच फुटून आतला डाय जळून मोकळा. म्हणून तुझा माल दुधी. पीपीत सुद्धा बॅरलमध्ये माल फार वेळ उभा ठेवू नको, बॅक प्रेशर कमी ठेव, आणि रनरचं रिग्राइंड (साच्याच्या वाटेत उरलेलं प्लास्टिक दळून) परत टाकलंस तर दर फेरीला रंग उतरत जाईल. उन्हात तर हे रंग महिन्या-दोन महिन्यांतच बसतात, त्यांचा तो जन्मजात रोग आहे.

पण मला एक सांग, पॅनलची तपासणी कधी होते? लोड बंद करून, दार उघडून, बरोबर? तोवर जॉइंट थंड झालेला आणि तुझा टाय परत निळा झालेला. रात्री दोन वाजता नव्वदला गेला होता हे कुणाला कळणार? थंड होताना रंग परत यायलाही थोडा उशीर होतो (चढताना ७० ला जातो तर उतरताना पाच-दहा डिग्री खाली परत येतो) पण तेवढ्याने भागत नाही. तुला परत न येणारा रंग हवाय. घासून पुसायचं ते जेल पेन माहितीये ना, त्यातही हीच तिकडी आहे, फक्त मेण असं निवडलंय की घासून ६० ला गेलेला रंग खोलीत परत येतच नाही, फ्रीझरमध्ये टाकावं लागतं.

(आमच्या इथे कलाभवनात १८९० पासून रंगाई शिकवतात, तिथे शिकलेल्या माणसाला कुणीतरी रंगाबद्दल विचारलं याचाच आनंद आहे.)

लष्करकर (ग्वाल्हेर)

इन्फ्रारेड गन घे ना भाऊ, ट्रिगर दाबला की तापमान. एवढं रसायन कशाला.

दाणेवाला

गन पार्टीकडे आहे, पण दार बंद असताना आतलं कोण बघणार, आणि रात्री तर कुणीच नसतं. टाय चोवीस तास तिथेच बसलेला असतो ही त्यातली मजा आहे. काका, मनापासून धन्यवाद, रिग्राइंड मी टाकत होतो 🙈

पॉलिमरवाली (वडोदरा)

मी विद्यापीठात पीएचडी करतेय, विषय जवळजवळ हाच, म्हणून जरा लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर शेवटचे दोन पॅरा वाचा.

काका म्हणतात ते बरोबर पण ती पॉलिमरची करामत नाही, पॉलिमर तिथे फक्त डबा आहे. ज्यात पॉलिमर स्वतः रंग बदलतो असं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे पॉलिडायअसिटिलीन. तुम्ही सगळ्यांनी त्याचा भाऊबंद पाहिलाय, पोलिओच्या कुपीवर गोलातला तो छोटा चौकोन असतो ना, जो गडद झाला की लस फेकून द्यायची? १९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर तो लागतो. त्या चौकोनात डायअसिटिलीनचा मोनोमर (पॉलिमरची सुटी कडी) असतो आणि उष्णतेने तो हळूहळू जोडला जाऊन रंग चढत जातो, म्हणजे त्याला एकूण किती ताप किती वेळ लागला याची बेरीज तो ठेवतो, आणि मागे फिरत नाही.

लॅबमध्ये आम्ही उलटं वापरतो. मोनोमर गरम पाण्यात अल्ट्रासाउंडने फोडायचा, रात्रभर फ्रीजमध्ये रचू द्यायचा, मग २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरायचा, डोळ्यासमोर पाणी निळं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गाईडना हाक मारली होती आणि त्यांनी बघून फक्त हं म्हटलं. हा निळा पॉलिमर गरम केला की लाल होतो, कारण मधली साखळी सपाट ताणलेली असते तोवर ती ६४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश खाते आणि निळी दिसते, बाजूच्या शेपट्या हलल्या की मधली साखळी पिळली जाते, मग ती ५४० च्या आसपास खाते आणि लाल दिसते. नेहमी वापरतात त्या पंचवीस कार्बनच्या आम्लात हे ६०-६५ ला होतं आणि परत येत नाही. शेपटी लहान केली की तापमान खाली येतं. टोकाला हायड्रोजन बंध जास्त दिले किंवा जस्ताचे आयन घातले की शेपट्या घट्ट धरल्या जातात, मग लाल झालेला थंड केल्यावर परत निळा होऊ शकतो. म्हणजे तापमान तर ट्यून होतंच, पण परत यायचं की नाही हेसुद्धा तुमच्या हातात.

आणि हाच पॉलिमर घासला, खरवडला, दाबला तरी लाल होतो, कारण शेपट्यांना काय, उष्णतेने हलवा नाहीतर बोटाने. इथेच दाणेवाला दादांच्या प्रश्नाचं उत्तर आहे: एकाच मटेरियलमध्ये दोन्ही येतं, अगदी सहज येतं, आणि म्हणूनच ते तुमच्या कामाचं नाही. लाल टाय बघून पार्टीला कळणार कसं की जॉइंट तापला होता की पोराने आवळला होता?

फक्त ताणाचं हवं असेल तर स्पायरोपायरान बघा. २००९ साली इलिनॉय विद्यापीठातल्या सॉटोस आणि मूर यांच्या गटाने नेचर या नियतकालिकात दाखवलं, पॉलिमरच्या साखळीच्या मध्ये हा रेणू बसवला आणि ओढलं की त्याचा एक कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो, रेणू उघडतो आणि लाल-जांभळा दिसतो. सुंदर भाग म्हणजे त्यांचा ताळा, हाच रेणू मध्ये न बसवता साखळीच्या टोकाला लावला तर कितीही ओढा, रंग येत नाही. म्हणजे रंग खरंच ओढल्यामुळे आला, इतर कशामुळे नाही. पण इथे ट्यूनिंग वेगळंच दुखणं आहे, तुम्ही बाहेरून दहा किलो ओढलंत तरी त्यातलं त्या एका बंधापर्यंत किती पोचतं ते मधलं प्लास्टिक ठरवतं. मऊ रबरी असेल तर बरंच ताणावं लागतं, कडक काचेसारखं असेल तर यील्ड व्हायच्या (म्हणजे कायमचं ताणलं जायच्या) बेतात असताना रंग एकदम येतो. वर यूव्हीने पण हा रेणू उघडतो, तापवल्याने पण, आणि साध्या उजेडात परत मिटतो. माझं एक वर्ष यातच गेलं, नमुना खिडकीजवळ ठेवला होता म्हणून रंग आला होता, मी समजले ताणाने आला 😑

तर सांगायचं काय, हे काहीही तुमच्या हॉपरमध्ये (मशीनला दाणे भरायच्या नरसाळ्यात) टाकायचं नाही. टाकलंत तर बॅरलमध्येच सगळं तापून आणि घासून लाल किंवा मेलेलं बाहेर येईल. तयार टायवर नंतर शाई किंवा पट्टी लावता येईल, तिथेच याची जागा.

आणि तापाचं काम एका जागी, ताणाचं दुसऱ्या जागी करा. दोन वेगळे ठिपके. एका रंगाला दोन प्रश्न विचारू नका.

विज्ञानबाई (इंदूर)

मध्ये शिरते, माफ करा. मी शाळेत शिकवते, आठवी-नववीच्या मुलांना प्रदर्शनात असलं काही दाखवता येईल का, ज्यात यूव्ही दिवा आणि विषारी काही नसेल? पॉलिमरवाली ताई प्लीज.

पॉलिमरवाली

बाई, तुमच्यासाठी माझं सगळ्यात आवडतं: हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज. गोळ्या-औषधांत घालतात ती पांढरी भुकटी, रंग शून्य. पाण्यात वजनाने ६० ते ७० टक्के घाला (हो, भुकटी जास्त, पाणी कमी), दाट चिकट लापशी होईल, झाकून काही दिवस ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातील. मग दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये भरून कडा सील करा आणि खाली काळा कागद. मोरपिसासारखे रंग दिसतील, कुठलाही डाय नसताना! साखळ्या गोल जिन्यासारख्या रचल्या जातात आणि जिन्याच्या एका फेऱ्याची उंची जेवढी त्याप्रमाणे रंग परत फेकला जातो. भुकटी वाढवली की फेरा लहान, रंग निळ्याकडे. पाणी वाढवलं की लालाकडे. मुलांना तीन प्रमाणांच्या तीन पुड्या करू द्या, ट्यूनिंग म्हणजे काय ते त्यांना लगेच समजेल.

आता गंमत बघा, बोटाने दाबलं की फेरा चेपला जातो आणि रंग निळ्याकडे सरकतो. हाताने ऊब दिली की फेरा फुगतो आणि रंग लालाकडे. म्हणजे ताप एका दिशेला, ताण दुसऱ्या दिशेला! मी वर म्हटलं की एका रंगाला दोन प्रश्न विचारू नका, तर हा त्यातल्या त्यात शहाणा निघाला. पण दादा, तुमच्या पॅनलमध्ये नाही चालणार, चाळिशीच्या वर गेलं की हे पाण्यातून बाहेर पडायला लागतं, पांढरं गढूळ होतं, आणि दोन्ही एकदम झालं तर एकमेकांना खोडून काढतील आणि रंग जागच्या जागी.

लष्करकर

म्हणजे आमच्या ग्वाल्हेरला मेमध्ये ते कायम गढूळच. आम्ही पण.

डायवाला (वडोदरा)

मी डाय बनवतो, म्हणजे साचे, रंगवाला डाय नाही, वर वाचून दोनदा गोंधळलो. रसायन मला कळत नाही पण दाणेवाला, तुझ्या पार्टीने विचारलेला प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. पीपी ओढल्यावर पांढरं पडतं ना, तेच तुझं ताणवालं फीचर आहे आणि फुकट आहे. आत बारीक बारीक पोकळ्या पडतात, त्यावरून उजेड विखुरतो म्हणून पांढरं. जुन्या ऑफिसात ती चाक फिरवून अक्षरं उठवायची डायमोची पट्टी असायची, लाल किंवा निळ्या प्लास्टिकवर पांढरी अक्षरं, त्यात शाई कुठे होती? अक्षर ठोकलं की प्लास्टिक ताणून पांढरं पडायचं, बस. इतकी वर्षं जगाने वापरलंय.

तर ट्यून काय करायचं, तर गळा. टायच्या डोक्यामागे एक पातळ गळा काढ, तो आधी यील्ड होईल. पीपीची यील्ड साधारण ३० मेगापास्कल धर, गळा ३ मिमी रुंद आणि १ मिमी जाड म्हणजे ३ चौरस मिमी, गुणाकार कर, ९० न्यूटन, म्हणजे नऊ-एक किलोला गळा पांढरा. बारा किलोला हवा तर ४ मिमी रुंद कर. रंग गडद ठेव, काळपट निळा किंवा मरून, फिकटावर पांढरेपणा दिसत नाही. ग्रेड इम्पॅक्ट कोपॉलिमर घे, त्यात रबर असतं म्हणून छान पांढरं पडतं, रँडम कोपॉलिमर त्या मानाने कमी पडतं. गेट (साच्यात प्लास्टिक शिरायचं तोंड) गळ्यापासून लांब ठेव आणि गळ्यात वेल्ड लाइन (दोन प्रवाह जुळतात तो कच्चा सांधा) येऊ देऊ नको, नाहीतर नऊच्या जागी पाचलाच तुटेल आणि शिव्या मला खाव्या लागतील.

रंगारी काका

डायवाल्याचं एकदम बरोबर, मी स्वतःला रंगारी म्हणवतो आणि बिनरंगाचा उपाय सुचला नाही. पण एक खोड आहे. पांढऱ्या पडलेल्या प्लास्टिकवर हेअर ड्रायर नाहीतर हीट गन मारलीस की पांढरेपणा बराच कमी होतो, पोकळ्या मिटतात. म्हणजे पोराने टाय आवळला, गळा पांढरा पडला, मग जॉइंट तापला आणि गळा परत साळसूद. शिवाय सत्तरला पीपी मऊ पडतो, तुझे नऊ किलो तिथे बरेच खाली येतील. तेव्हा ताणाची तपासणी बसवतानाच, थंड असताना करायची हे पार्टीला कागदावर लिहून दे.

तापासाठी मी सांगतो तो उपाय असा की काळ्या शोषक कागदावर पांढऱ्या मेणाचा थर, वर पारदर्शक फिल्म. मेण वितळलं की कागद ते पिऊन टाकतो आणि ठिपका काळा होतो, कायमचा. थंड झाल्यावर मेण परत वर येत नाही. बाजारात तयार लेबलं मिळतात, एका पट्टीवर चार-पाच तापमानांची. ते टायच्या डोक्यावर चिकटव, तुझा टाय आणि त्यांचं लेबल.

दाणेवाला

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय. साच्यातला गळ्याचा इन्सर्ट (बदलता तुकडा) बदलून घेतला (डायवाला भाऊंनी चहावर केलं, वर सेव उसळ उधार राहिली), मरून इम्पॅक्ट कोपॉलिमरमध्ये वीस पीस काढले आणि घरच्या सामान तोलायच्या लटकत्या काट्याने ओढले. सतरा पीस आठ ते दहा किलोच्या मध्ये पांढरे पडले, एकदम स्पष्ट, लांबून दिसतं. तीन साडेसहालाच पडले आणि तिन्ही त्याच कॅव्हिटीचे (साच्यातल्या खाच्याचे) जिचं गेट मी आळसाने हलवलं नव्हतं. हळू ओढलं की थोडं लवकर पांढरं होतं, झटका दिला की उशिरा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

काकांचा ड्रायर पण करून बघितला, पांढरेपणा खरंच अर्धा गेला, बायको म्हणाली माझा ड्रायर ठेव खाली. लेबल चिकटत नाहीये पण, पीपीवर काहीच चिकटत नाही हे मी विसरलो होतो. पार्टीला दोन ठिपक्यांची गोष्ट पटली, फक्त ती आता म्हणते की तिसरा ठिपका ओलाव्याचा टाका.

पॉलिमरवाली

झटक्याला उशीर होणं बरोबर आहे, वेगाने ओढलं की पीपीची यील्ड वाढते. लेबलासाठी टायच्या डोक्यावर आधी ज्योत फिरवा, निळी ज्योत, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त नाही, पृष्ठभाग थोडा ऑक्सिडाइज होतो आणि मग गोंद धरतो. आधी ज्योत, मग लेबल, उलटं केलंत तर सगळे ठिपके काळे.

रंगारी काका

ओलाव्याला कोबाल्टवाली निळी सिलिका सांगू नको म्हणजे मिळवली, ती आता लोकांना नको असते, नारिंगी बघ. रविवारी दांडियाबाजारला ये, त्या तीन साडेसहावाल्या पीसांसकट. ड्रायर माझ्याकडे आहे.